उजव्या बाजूचा ओरखडा

सुवर्णा तायडे जयपूरच्या मानसरोवर भागात आमच्याच इमारतीत, आमच्या डोक्यावरच्या मजल्यावर राहते. वय सत्तावीस. तिचे वडील देवराम तायडे रेल्वेत होते. भुसावळहून बदली होऊन ते जयपूरला आले, डब्यांच्या देखभालीत उरलेली सगळी नोकरी काढली आणि इथंच निवृत्त झाले. सुवर्णाचा जन्म इथलाच. तिची मराठी घरापुरती आहे. मध्येच 'मतलब' येतं, मध्येच 'जी' येतं, आणि वाक्य लांबलं की शेवटाला पोचेपर्यंत त्याचं हिंदी होऊन जातं. तिनं मला जे सांगितलं ते मी लिहिते आहे. तिची बाजू घ्यायची म्हणून नाही. घ्या असं तिनंही म्हटलेलं नाही.

या नोकरीच्या आधी तिच्या दोन नोकऱ्या गेल्या होत्या, आणि दोन्ही तोंडामुळं. एका मोबाइलच्या दुकानात नवा म्हणून विकला जाणारा फोन आधी उघडलेला आहे, असं तिनं गिऱ्हाइकाला सांगून टाकलं. मग एका शिकवणीच्या क्लासमध्ये ती समोरच्या टेबलावर बसायची. तिथं भिंतीवर लावलेल्या पास झालेल्या मुलांच्या फोटोंपैकी निम्मी मुलं आमची नाहीतच, असं ती एका आईला म्हणाली. दोन्ही वेळा देवरामजींनी एकच प्रश्न विचारला, "तुला कोणी विचारलं होतं का?" आणि तिसरी नोकरी लागली तेव्हा पहिल्याच दिवशी सकाळी डबा हातात देताना ते म्हणाले, "या वेळेस तोंड बंद ठेवजो, बाई."

ही तिसरी नोकरी सीकर रोडवरच्या एका डेंटिंग-पेंटिंगच्या वर्कशॉपमध्ये होती, मुरलीपुऱ्याच्या वळणाशी. नाव सांगत नाही. मानसरोवरहून मेट्रोनं सिंधी कॅम्प, तिथून बस. तिथं रोज दहा-बारा गाड्या येतात. कुणाचा बंपर फुटलेला, कुणाचा पत्रा दबलेला, कुणाच्या दरवाजावर कुणीतरी मुद्दाम किल्लीनं रेघ ओढलेली. गाडी आली की तिच्याभोवती एक फेरी मारायची, टॅबलेटवर चारी बाजूंचे फोटो काढायचे, कुठं काय लागलंय ते टिपायचं आणि मालकाची बोटानं सही घ्यायची, हे सुवर्णाचं काम. गाडी आत जाण्याआधी कशी होती याचा तेवढाच पुरावा असतो. ती या कामात चांगली होती. तिरप्या उन्हात नुसती मान कलती करून ती सांगायची की हा दरवाजा आधी एकदा रंगवलेला आहे. जुने पेंटरही मानायचे.

मार्चमधल्या एका मंगळवारी शामराव निकम आपली राखाडी गाडी घेऊन आले. एका झोकात गाडी फाटकातून आत घेतली आणि पिवळ्या पट्ट्यांच्या बरोबर मधोमध उभी केली. सत्तरीच्या पुढचे, ताठ, पांढऱ्या मिशा कातरलेल्या. त्यांच्या गल्लीत दोन सांडांची जुंपली होती आणि त्यातल्या एकाचं ढुंगण गाडीवर आदळलं होतं, दुसऱ्याचं शिंग. डाव्या मागच्या दरवाजाला वाटीएवढा पोचा आणि त्याखाली वीतभर ओरखडा. तेवढं एक सोडलं तर आठ वर्षांची ती गाडी कालच आणल्यासारखी दिसत होती.

सुवर्णा हिंदीत माहिती विचारत होती. शामरावांनी तिच्या छातीवरची नावाची पट्टी वाचली आणि थांबले.

"तायडे? मराठी का गं तू?"

"हो जी. मतलब... हो."

"मग मघापासनं माझ्याशी हिंदी कशापायी झाडतीयेस?" ते मोठ्यांदा हसले. "गाव कुठलं?"

"भुसावळ. पप्पा रेल्वेत होते."

सुवर्णाला या प्रश्नांची सवय आहे. मराठी माणूस भेटला की आधी आनंद, मग आडनाव, मग गाव, आणि मग एक लहानसा थांबा. तेवढ्यात समोरचा माणूस ताडून घेतो की ही कुणातली. त्यानंतर काहींचा आवाज तोच राहतो, काहींचा बदलतो. शामराव थांबलेच नाहीत.

"रेल्वे काय नि फौज काय, दोघांची सारखीच फरफट," ते म्हणाले. "मी साताऱ्याकडचा. कोरेगाव. आणि हे अंकल-बिंकल नको. काका म्हण."

लष्करात ते गाड्यांवर होते. अठ्ठावीस वर्षं, त्यातली बरीचशी लेहच्या रस्त्यावर; शेवटची चार नव्या पोरांना ट्रक शिकवण्यात गेली. शेवटचं पोस्टिंग जयपूरचं, म्हणून मुरलीपुऱ्यात जागा घेतली आणि राहिले. "इतक्या वर्षांत माझ्या हातनं गाडीला ओरखडा न्हाई," ते म्हणाले. "आता सांडानं काढला, त्याला मी काय करू?"

सुवर्णानं बारा फोटो काढले. उजव्या बाजूला आली तेव्हा शामरावांनी तिला थांबवलं, खिशातून रुमाल काढला, समोरच्या दरवाजावरची धूळ पुसली आणि म्हणाले, "आता काढ." पत्र्यात मागचं कडुनिंबाचं झाड पानांसकट दिसत होतं.

गुरुवारी दुपारी वर्कशॉपच्या मालकांचा मेहुणा पवन ती गाडी शेडमधून बाहेर काढत होता. पवन तिथला मॅनेजर. डाव्या दरवाजाची पुट्टी घासून झाली होती आणि गाडी रंगाच्या खोलीकडं न्यायची होती. ते काम त्याचं नव्हतं, पण त्याला गाड्या हलवायची हौस होती. कानाला फोन, एका हातात स्टिअरिंग. मागं घेताना गाडीची उजवी बाजू फाटकाच्या लोखंडी खांबावर घासत गेली, समोरच्या बंपरपासून दरवाजाच्या मुठीपर्यंत. सुवर्णा काउंटरवर होती. तिला आवाज ऐकू आला. ती बाहेर आली तेव्हा पवन खाली उतरून बघत होता आणि फोनवर म्हणत होता, "नंतर करतो."

पाच मिनिटांत मालकांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. मालक मनोहरजी. गोड बोलणारे, कपाळावर रोज ताजा टिळा, कामगारांच्या मुलींच्या लग्नात स्वतः जाणारे.

"त्या गाडीचे फोटो कुणी काढलेत?"

"मी."

"चढवलेत का कंप्यूटरवर?"

"नाही. सगळ्या आठवड्याचे शनिवारी एकदम चढवते."

"मग अजून वेळ आहे," मनोहरजी म्हणाले. "उजव्या बाजूचे काढून टाक, टिपणातही ती बाजू घाल. आत्ताचे नवे घे. त्या फौजी अंकलना सांगायचं, गाडी आली तेव्हाच हे होतं."

सुवर्णा उभीच राहिली.

"हे बघ, नुकसान कुणाचं आहे? त्यांचा एक पैसा जात नाही. विम्यात बसवून देऊ. गाडी नव्यासारखी मिळेल. पवनचं नाव झालं तर माझ्या घरात महाभारत होईल. आणि ते तुझ्याच भाषेतले आहेत ना? तुझं ऐकतील." मग त्यांनी समोरचा चहाचा कप तिच्याकडं सरकवला. "एप्रिलमध्ये तुला पक्कं करायचं आहे. मी विसरलेलो नाही."

"आंटी, मी काहीच नाही बोलले," सुवर्णा मला म्हणाली. "मला वाटलं होतं मी बोलेन. दोन वेळा तर बोलले होते ना आधी." तिनं चहा पिऊन टाकला, बाहेर आली, आणि तीन फोटो पुसले. मग टॅबलेट घेऊन शेडमध्ये गेली. ओरखड्यात खांबाचा निळा रंग अडकला होता. तो पवननं तोवर थिनरनं पुसून घेतला होता.

शुक्रवारी सकाळी शामराव आले. काम कुठवर आलंय ते बघायला रोज एक फेरी मारतच होते. सुवर्णानं त्यांना खुर्ची दिली.

"काका, एक सांगायचं होतं. गाडी आली ना, तेव्हाच उजव्या साइडला पण लागलेलं होतं."

"उजवीकडं? काय बी काय."

ती त्यांना शेडमध्ये घेऊन गेली. ते गुडघ्यावर हात टेकून खाली बसले आणि अंगठा त्या चरीवरून फिरवत नेला, बंपरपासून मुठीपर्यंत.

"हे मी न्हाई केलं," ते हळू म्हणाले. "मी रोज सकाळी गाडी पुसतो, पोरी. त्या दिवशी तुझ्यासमोर रुमाल फिरवला हितं. मला दिसलं नसतं?"

आणि मग सुवर्णा म्हणाली, "काका, मी त्या दिवशीच बघितलं होतं. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही."

हे वाक्य मनोहरजींनी तिला शिकवलेलं नव्हतं. तिनं ठरवूनही ठेवलं नव्हतं. ते आपोआप आलं, आणि सगळंच्या सगळं मराठीत आलं, एकही हिंदी शब्द न लागता. हे मला सांगताना ती स्वतःच चकित झालेली होती.

शामराव वर तिच्याकडं बघत राहिले. ही पोर आपल्याशी खोटं कशाला बोलेल, एवढाच विचार त्यांच्या मनात आला असणार. पवननं सांगितलं असतं तर त्यांनी वर्कशॉप डोक्यावर घेतलं असतं. मनोहरजींना त्यांनी कॉलरला धरलं असतं. त्यांनी सुवर्णाकडं बघितलं, आणि मग ते आठवायला लागले.

"सोमवारी भाजीला गेलो हुतो," ते म्हणाले. "गर्दी हुती. मागं घेताना काहीतरी... घासल्यासारखा आवाज आला हुता खरा. मला वाटलं हातगाडी असंल कुणाची." मग म्हणाले, "हां. आलाच हुता."

असा कुठलाही आवाज आला नव्हता. पण त्या क्षणापासून तो आलेला होता.

विम्याच्या फॉर्मबरोबर अपघात कसा झाला ते स्वतःच्या हातानं लिहून द्यावं लागतं. सुवर्णानं एका कागदावर हिंदीत मजकूर लिहून दिला आणि शामरावांनी तो उतरवून काढला, शाळेतल्यासारखं सरळ, टपोरं अक्षर काढत. गाडी मागे घेताना उजवी बाजू खांबाला घासली. त्यापुढचं वाक्य होतं, मला त्या वेळी कळलं नाही. तिथं त्यांचा हात थांबला.

"हे लिहायलाच पायजे का?"

"हो काका. नाहीतर ते विचारतात, लगेच का नाही कळवलं."

त्यांनी लिहिलं. खाली सही केली, हुद्द्यासकट. जाताना दारातून परत आले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "घरनं फोन आला तर सांडाचंच सांग. पोराला उगीच काळजी."

"हो काका."

पुढच्या आठवड्यात गाडी तयार झाली. काम सुंदर झालं होतं; जुना रंग कुठं संपतो आणि नवा कुठं सुरू होतो ते सुवर्णालाही उन्हात दिसेना. शामरावांनी तिच्यासाठी स्टीलच्या डब्यात शेंगदाण्याचे लाडू आणले होते, त्यांच्या बायकोनं, द्वारकाबाईंनी केलेले. "दोन तुझ्या बापाला दे," म्हणाले. मग गाडीत बसले. फाटकातून बाहेर पडायला त्यांना दहा मिनिटं लागली. थोडं पुढं जायचे, थांबायचे, उतरून उजवीकडं बघून यायचे, पुन्हा बसायचे. पवन काउंटरवर रेलून उभा होता. तो म्हणाला, "अशा लोकांना लायसन्स कोण देतं?"

एप्रिलमध्ये सुवर्णाचं पक्कं झालं. देवरामजींनी सगळ्या इमारतीत पेढे वाटले. मीही खाल्ला.

मेच्या शेवटी एका दुपारी तीच राखाडी गाडी पुन्हा आत आली. चालवणारा वेगळाच होता. चाळिशीचा, शहरातल्या सी-स्कीम भागात बँकेत काम करणारा, गळ्यात अजून बँकेचं ओळखपत्र लटकत असलेला. शामरावांचा मुलगा स्वप्नील. गाडी विकायची होती आणि घेणाऱ्याला दाखवायला दुरुस्तीचे कागद हवे होते.

"काका नाही आले?" सुवर्णानं विचारलं.

"बाबा आता चालवत नाहीत," तो म्हणाला. तो मराठीत सुरुवात करायचा आणि हिंदीत जायचा, अगदी तिच्यासारखा. विम्याचा मेसेज त्याच्या मोबाइलवर आला होता. कागद मागवून बघितला तर बाबांच्या हातचं लिहिलेलं, मला त्या वेळी कळलं नाही. त्यानं विचारलं तेव्हा बाबा म्हणाले, आवाज आला होता पण मी दुर्लक्ष केलं. "इतकी गाडी घासते आणि माणसाला कळत नाही, मतलब काहीतरी गडबड आहेच ना? माझी बायको सोनल म्हणाली, आपल्या पोरीला शाळेतून आणायला हेच जातात. मी चावी काढून घेतली."

"मग?"

"मग डोळे तपासले. ठीक निघाले. कान ठीक. मग एक मोठे डॉक्टर आहेत, विसरण्याचे... त्यांच्याकडं नेलं. तिथं त्यांनी काही शब्द सांगितले आणि पाच मिनिटांनी परत विचारले. बाबा इतके घाबरले होते की दोनच सांगितले. गोळ्या चालू आहेत." त्यानं कागद नीट फाइलमध्ये ठेवले. "तुम्ही चांगलं केलंत हां. सांगितलंत म्हणून वेळेत कळलं. कुठं मोठं काही झालं असतं तर?"

त्यानं तिचे आभार मानले. दोनदा.

बुधवारी सुवर्णाची सुट्टी असते. त्या बुधवारी सकाळी ती गाडीच्या कामाच्या नोंदीवरचा, जॉब कार्डावरचा पत्ता घेऊन मुरलीपुऱ्यात गेली. घराच्या पुढच्या ओट्यावर शामराव बसले होते, समोर परातीत मेथी. ते एकेक पान काढून बाजूला ठेवत होते. तिला बघून त्यांचा चेहरा उजळला. "द्वारका, बघ कोण आलंय! आपली भुसावळची पोर!"

द्वारकाबाई पाणी घेऊन आल्या. बारीक बाई, डोक्यावरचा पदर कानामागं खोवलेला. त्या दाराशी उभ्या राहिल्या. सुवर्णानं पाणी घेतलं नाही. तिनं सांगायला सुरुवात केली, आणि मराठी तिला सोडून गेली. अर्धं हिंदीत, अर्धं रडत. पवन, खांब, केबिन, पुसलेले फोटो. काका, तुम्ही काहीच नाही केलं. गाडीला काहीच झालेलं नव्हतं. मी खोटं बोलले.

शामरावांनी सगळं ऐकून घेतलं. मेथीची काडी हातातच होती. मग ते हसले.

"स्वप्नीलनं फोन केला व्हय तुला?"

"नाही काका! मी स्वतः..."

"मला बरं वाटावं म्हणून." त्यांनी मान हलवली. "ऐकलंस का द्वारका? माझ्यापायी पोर नोकरीवर पाणी सोडाय निघालीय."

"काका, खरंच. देवाशप्पथ."

"बरं, मग फोटो दाव."

"मी पुसले."

"तेच की." ते उठले, तिच्या डोक्यावर हात ठेवला. "तू भली हायस. पर म्हाताऱ्याला असं फसवू नये, पोरी. मला आवाज आला हुता. आणि मी लिहून दिलंय की. माझ्या हातानं, सही करून. मी काय खोटं लिहीन?"

ती बोलत राहिली. जितकी बोलली तितका त्यांना तिचा लळा वाटत गेला. शेवटी त्यांनीच विषय बदलला आणि भुसावळला केळी कशी असतात ते विचारू लागले.

फाटकापर्यंत द्वारकाबाई तिच्याबरोबर आल्या. फाटकाची कडी हातात धरून म्हणाल्या, "खरं बोललीस ना तू?"

"हो काकू."

"मला ठाऊक हुतं. सोमवारी भाजीला मी हुते त्यांच्यासंगं. कुठं काय घासलं न्हवतं. मी सांगितलं की पोराला. तो म्हणतो, आई, तू त्यांना पाठीशी घालतीस." त्यांचा आवाज चढला नाही. "आता चष्मा हुडकायला लागला तरी म्हणत्यात, बघ, सुरू झालं. परवा म्हणले, लेहला बी लागली असंल कुठं कुठं गाडी, मला कळलं नसंल. अठ्ठावीस वरसं, आं? ती बी गेली." मग त्यांनी सुवर्णाच्या तोंडाकडं सरळ बघितलं. "आता मला काय करायचं गं तुझ्या खऱ्याचं? मी त्याचं काय करू, सांग."

द्वारकाबाईंनी कडी लावली.

दुसऱ्या दिवशी तिनं मनोहरजींना सांगितलं की मी त्यांच्या घरी जाऊन खरं सांगितलं. तिला वाटलं होतं ते ओरडतील, काढून टाकतील. काढून टाकलं असतं तर बरं झालं असतं, असं ती मला म्हणाली. मनोहरजी जराही रागावले नाहीत. त्यांनी तिला बसायला सांगितलं.

"विम्याचे पैसे येऊन गेले. कबुली त्यांच्या अक्षरात आहे. फोटो तू काढलेस, तूच पुसलेस, जॉब कार्डावर नाव तुझं आहे. उद्या कुणी पोलिसात गेलं तर सगळ्यात आधी तुलाच बोलावतील, बेटा. मी तुझ्या भल्याचंच सांगतो." दारात पवन उभा होता. तो त्याच दिवशी नव्या शाखेच्या जागेबद्दल बोलायला आला होता. ती शाखा तोच सांभाळणार आहे.

तरी तिनं एक गोष्ट केली. घडलं ते सगळं एका कागदावर लिहून काढलं, खाली सही केली आणि सी-स्कीममध्ये बँकेत जाऊन स्वप्नीलच्या हातात दिलं. त्यानं उभ्याउभ्याच वाचलं. चेहरा लाल झाला, मग पुन्हा नेहमीसारखा झाला. काउंटरवर लोक थांबले होते.

"गाडी तर गेली," तो म्हणाला.

"डॉक्टरना तरी दाखवा."

"बघतो." त्यानं कागदाची घडी घातली. "पण एक सांगू? आज ना उद्या चावी घ्यावीच लागली असती. वय झालंच होतं. आता सोनलला टेन्शन नाही, मला टेन्शन नाही. बाबांनीही मानून घेतलंय. परत सगळं उकरून काय... मतलब, कुणाला काय मिळणार?" घडी त्यानं शर्टाच्या खिशात ठेवली. "तुम्ही आता घरी येऊ नका प्लीज. बाबा तुमचंच नाव घेत बसतात. म्हणतात, किती चांगली मुलगी."

तो कागद डॉक्टरांपर्यंत गेला नाही. गोळ्या चालू आहेत. हे सुवर्णाला द्वारकाबाईंनीच फोनवर सांगितलं. तो त्यांचा एकच फोन. स्वप्नीलच्या शर्टाच्या खिशात कपडे धुताना त्यांना तो कागद सापडला होता, भिजून लगदा झालेला. त्यावर काय लिहिलं होतं, एवढंच त्यांना विचारायचं होतं. सुवर्णानं सांगितलं. त्या "बरं" म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मी सुवर्णाला विचारलं, मग नोकरी का नाही सोडली? ती म्हणाली, "सोडून काय करू? चौथीकडं जाऊ? तिथं काय वेगळं असणार आहे?"

मागच्या आठवड्यात सहा वाजता ती वर्कशॉपमधून सुटली आणि सिंधी कॅम्पची बस पकडून मागच्या बाजूला बसली. मुरलीपुऱ्याच्या थांब्यावर शामराव आणि द्वारकाबाई चढले. शामरावांच्या हातात दवाखान्याची फाइल होती. त्यांनी कंडक्टरला विचारलं, ही बस सिंधी कॅम्पला जाते ना. तो "हां बाबूजी" म्हणाला. ते पुढच्या सीटवर बसले, आणि थोड्या वेळानं पुन्हा तेच विचारलं. द्वारकाबाई खिडकीबाहेर बघत होत्या. बस लाल दिव्याला थांबली तेव्हा शामराव पुढं वाकून ड्रायव्हरच्या हातांकडं बघत राहिले, गिअरच्या दांड्याकडं, पायांकडं, आणि मग मागं टेकून त्यांनी डोळे मिटले.

सुवर्णा पुढच्या थांब्यावर मागच्या दारानं उतरली. दुसरी बस वीस मिनिटांनी आली.